जीभ ऐकत नसेल तर कवळी कुठे करावी

हे परीक्षण सगळ्यांच्या कामाचं नाही. मानसिक आजाराची औषधं ज्यांनी वर्षानुवर्षं घेतली, पुढे डॉक्टरांच्या देखरेखीत ती बंद झाली, आणि औषध गेलं तरी ज्यांची जीभ नि जबडा अजून आपल्याच मर्जीने हलतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. त्यातही ज्यांचे दात गेलेत त्यांच्यासाठी. मला कवळी करायची होती तेव्हा या विषयावर मराठीत कुणी चार ओळी लिहिलेल्या सापडल्या नाहीत. आता माझी झाली आहे, तेव्हा लिहून टाकते.

जागा म्हणजे मुंबईतलं एक डेंटल कॉलेज, खासगी नव्हे. नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर तक्रारीही लिहायच्या आहेत, आणि दुसरं म्हणजे तिथले शिकाऊ डॉक्टर तीन वर्षांनी बदलतात; मला मिळालेली मुलगी तुम्हाला मिळणार नाही. विभागाचं नाव मात्र लक्षात ठेवा, प्रॉस्थोडॉन्टिक्स, म्हणजे कवळ्या आणि कृत्रिम दात करणारा विभाग. केसपेपरच्या खिडकीवर नुसतं 'प्रॉस्थो' म्हटलं तरी पुरतं.

माझं थोडक्यात सांगते. १९९३ साली मुलगी झाली आणि पंधरवड्यात माझं डोकं फिरलं. बाळंतपणानंतर काही जणींना होतो तो सायकोसिस. हॅलोपेरिडॉल सुरू झालं, काही वर्षांनी त्याच्या जागी रिस्पेरिडोन आलं, आणि हातपाय ताठरू नयेत म्हणून जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिल कायमचं. आजार पुन्हा उलटला नाही. गोळ्या मात्र चालूच राहिल्या. दर वेळी जुनी चिठ्ठी बघून नवी चिठ्ठी मिळायची. मी टेलिफोन ऑपरेटर होते, आधी बॉम्बे टेलिफोन्स, मग एमटीएनएल. १९७ वर नंबर विचारायला फोन करायचात ना, त्यातल्या काही जणांना नंबर मीच सांगितला असेल. २०२० च्या जानेवारीअखेर हजारो जण व्हीआरएस घेऊन एका दिवशी घरी बसले, त्यात मीही. नंतर नवीन मानसोपचारतज्ज्ञ मिळाल्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, 'हे अजून का चालू आहे?'

औषध कसं बंद केलं हा या लेखाचा विषय नाही, तरी एवढं सांगते: एकदम नाही. दोन वर्षांहून जास्त काळ लागला. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन ज्या जागांवर (रिसेप्टरांवर) काम करतं, त्यांवरचा औषधाचा ताबा डोसच्या प्रमाणात, सरळ रेषेत कमी होत नाही. मोठा डोस अर्धा केला तरी फारसा फरक पडत नाही आणि शेवटचा चिमूटभर डोस काढताना मोठा धक्का बसतो. त्यामुळे शेवटचा टप्पा सगळ्यात सावकाश. लंडनच्या काही मानसोपचारतज्ज्ञांनी २०२१ मध्ये 'स्किझोफ्रेनिया बुलेटिन'मध्ये हेच मांडलं होतं, ते आमच्या डॉक्टरांनी मला कागदावर वक्र रेघ काढून समजावलं. आणि त्याच कागदाच्या खाली, सगळ्यांना बंद करता येत नाही, हेही लिहून दिलं. ब्रिटनमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत औषध कमी करणाऱ्यांचा आजार जास्त प्रमाणात उलटलेला दिसला. तेव्हा माझं वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळ्या गटारात टाकू नयेत.

औषध सुटल्यावर काही गोष्टी परत आल्या. रडू आलं, तेही एका मालिकेतल्या फालतू लग्नाला. वजन थोडं उतरलं. तोंडाला पाणी सुटायला लागलं, आणि याचा कवळीशी थेट संबंध आहे, तो पुढे येईल. पण डोस उतरत गेला तशी जीभ उघडी पडली. याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. ज्या औषधाने हा त्रास होतो तेच औषध तो झाकूनही ठेवतं, म्हणून कमी करताना तो अचानक दिसायला लागतो. काहींचा काही महिन्यांत ओसरतो. माझा राहिला. जीभ गालात गोल फिरते, ओठ चुंबल्यासारखे पुढे येतात, जबडा रवंथ करतो. झोपेत सगळं थांबतं, असं मुलगी सांगते. मेथी निवडायला बसले की दुप्पट होतं. अमेरिकेत २०१७ मध्ये यासाठी दोन नवीन औषधांना मान्यता मिळाली. मला त्यांचंच जुनं भावंड, टेट्राबेनाझिन, लहान मात्रेत चालू आहे. त्याने मन खाली जाऊ शकतं, त्यामुळे त्यावर लक्ष ठेवावं लागतं. फरक आहे, पण जीभ गप्प बसलेली नाही.

बाहेर वावरताना लोक समजतात बाई तंबाखू खाते. एका बँकेच्या दारातल्या रखवालदाराने मला थुंकून यायला सांगितलं होतं. मी त्याला तोंड उघडून दाखवलं. आत काहीच नव्हतं, दातसुद्धा.

दात त्या जोडगोळीनेच खाल्ले. ट्रायहेक्सिफेनिडिलने तोंड कोरडं पडतं, लाळ नसली की दात किडतात, आणि त्यात मी गोड चहावर दिवस काढणारी. साठीला येईपर्यंत वरचे सगळे आणि खालचे बहुतेक गेले. उरलेले दोन-तीन हलत होते तेही काढले.

पहिली कवळी घराजवळच्या एका खासगी दवाखान्यात केली. चकचकीत जागा, एसी, पाण्याची बाटली फुकट. माप घेताना डॉक्टर सारखे म्हणत, 'मॅडम, जीभ स्थिर ठेवा ना.' मी म्हटलं, हा आजार आहे, ती स्थिर राहत नाही. ते म्हणाले, 'रिलॅक्स व्हा, राहील.' ती कवळी वरून कशीबशी बसली आणि खालून बसलीच नाही. जीभ तिला खालून उचलायची. शिंकले की हातात. हिरड्यांना दोन्हीकडे जखमा. परत गेले तर चिकटवायची पेस्ट विकत दिली आणि म्हणाले, सवय होईल. पेस्टने वरची कवळी थोडी टिकली. खालची मात्र पेस्टसकट सुटून यायची आणि तोंडभर तो चिकटा. शेवटी मी ती डबीत टाकली आणि वर्षभर आसट भात, आमटी, उकडलेला बटाटा, केळं यांवर राहिले.

आता डेंटल कॉलेज. पहिल्या दिवशी ओपीडीत एक इंटर्न तोंड बघून गेला, मग एमडीएसला (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला) असलेली लातूरकडची एक मुलगी आली. तिने पहिला प्रश्न दातांचा विचारला नाही. म्हणाली, 'काकू, हे कधीपासून होतंय? गोळ्या कोणत्या होत्या?' माझ्याकडे जुन्या चिठ्ठ्यांची फाइल होती, ती तिने खरोखर वाचली. मग उठून तिच्या सरांना बोलावून आणलं. सरांनी मला एका हाताचा अंगठा त्याच हाताच्या एकेका बोटाला भराभर टेकवायला सांगितला, आणि ते तोंडाकडे बघत राहिले. हे मला ओळखीचं होतं. मानसोपचारात अशा हालचाली मोजायचा बारा कलमांचा तक्ता आहे, त्याला एम्स म्हणतात (दिल्लीच्या एम्सशी काही संबंध नाही), आणि त्यात ही बोटांची परीक्षा आहे; हात कामात गुंतले की जीभ आपलं खरं रूप दाखवते. गंमत अशी की त्याच तक्त्यात दातांचा काही त्रास आहे का आणि कवळी वापरता का, असेही दोन प्रश्न आहेत. म्हणजे मनाच्या डॉक्टरांनी तोंडात डोकावायचं हे अमेरिकेत १९७० च्या दशकातच ठरलेलं होतं. नव्या डॉक्टर भेटेपर्यंत तो तक्ता माझ्यासमोर कुणी धरला नव्हता.

सरांनी दोन रस्ते सांगितले. एक, खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट (हाडात रोवायचे खुंट) घालून त्यावर कवळी अडकवायची. हे सगळ्यात पक्कं, पण खर्च माझ्या आवाक्याबाहेर. दुसरा, साधीच कवळी, पण माप वेगळ्या रीतीने घ्यायचं. मी दुसरा घेतला.

सुरुवातीची मापं सगळीकडे होतात तशीच झाली. तपकिरी लादी गरम पाण्यात मऊ करून ट्रेमध्ये दाबतात, मग खास ट्रे बनवतात, त्याच्या कडा हिरव्या कांडीने वितळवून जुळवतात, शेवटी पांढरट पेस्ट, तिला लवंगेचा दणदणीत वास आणि हिरडीला थोडी आग. हे झाल्यावर नेहमीची रीत अशी की जबड्याच्या हाडाच्या कण्यावर मेणाचा कठडा उभा करतात आणि दात त्या रेषेत बसवतात. तिथे माझी जीभ ते दात मानायला तयार नसते, हे खासगीत सिद्ध झालेलंच होतं.

इथे त्यांनी मेणाऐवजी मऊ केलेलं ते तपकिरी कंपाउंड खालच्या हिरडीवर बसणाऱ्या पट्टीवर रचलं आणि तसंच कोमट असताना तोंडात ठेवलं. मी सवयीने जीभ दाबून धरली. वर्षानुवर्षं लोकांसमोर तेच करत आलेय. मुलगी म्हणाली, 'काकू, धरू नका तिला. तिला जे करायचंय ते करू द्या. मला तिचंच माप घ्यायचंय.'

मग मला कामाला लावलं. कोमट पाण्याचा घोट घ्या. गिळा. ओठ पुढे काढा. हसा. परत घोट. मग म्हणाली, साठपासून सत्तरपर्यंत मोजा, मोठ्याने. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. 'स' आणि 'ष्ट' म्हणताना जीभ दातांच्या आतून नेमकी कुठे जाते ते कळतं, म्हणून. सहासष्टला माझी पट्टी हलली, सदुसष्टला परत बसली. 'फ' नि 'व' साठी 'फणस, फळी, वांगं, वहिनी' असं काहीबाही म्हणवून घेतलं. तेव्हा खालचा ओठ वरच्या दातांना लागतो, त्यावरून पुढच्या दातांची जागा ठरते. मी तिला सांगितलं की आकडे म्हणणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. तर म्हणाली, मग आज ड्युटीवर आहे असं समजा. मी ऑपरेटरच्या आवाजात एक आख्खा नंबर सांगितला, शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा तोंडात ट्रे असताना हसले आणि त्यांचं माप बिघडलं.

पट्टी बाहेर काढून थंड पाण्यात टाकली आणि मला दाखवली. कणकेसारखी दाबली गेलेली ती, पण डावी-उजवी बाजू सारखी नव्हती. उजवीकडचा कठडा गालाकडे ढकललेला, डावीकडचा जवळजवळ सरळ. जीभ उजवीकडे जास्त जोर लावते हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. आरशात बघितलं की ती लगेच शहाण्यासारखी वागते. मुलीने समजावलं ते असं: जीभ आतून बाहेर ढकलते, गाल-ओठ बाहेरून आत ढकलतात, आणि मध्ये एक पट्टा असतो जिथे दोन्ही जोर एकमेकांना खातात. त्याला न्यूट्रल झोन म्हणतात. दात त्या पट्ट्यात बसवले की जिभेला ढकलायला काही उरत नाही. त्या आकाराभोवती त्यांनी साचा करून घेतला आणि दात नेमके त्या साच्यात लावले.

आणखी एक गोष्ट केली. दात सपाट निवडले, उंचवटे नसलेले. उंचवट्याचे दात एकमेकांत अडकतात. माझा जबडा आडवा सरकतो, तेव्हा अडकले की कवळी उचकटते. सपाट दात एकमेकांवरून नुसते घसरतात.

आणि लाळ. वरची कवळी टाळूला चिकटते ती लाळेच्या पातळ थरावर. कोरड्या तोंडात ती धरत नाही. सर म्हणाले, ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असताना आला असतात तर हीच कवळी इतकी बसली नसती. ही गोळी टार्डिव्हला मदत तर करत नाहीच, उलट वाढवू शकते, हे मला मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं होतं. तिचा हिशेब दातांच्या खुर्चीतही निघेल असं वाटलं नव्हतं.

आता वापरून बघितल्याचा निकाल. पहिले काही दिवस घासून जखमा झाल्या. जाऊन दाखवल्या की तिथल्या तिथे कवळी घासून देतात, वेगळे पैसे नाहीत. वरण-भात, पोळी, थालीपीठ यांना काही अडचण नाही. कुरकुरीत तळलेला बोंबील वर्षभरानंतर खाल्ला आणि कवळी जागची हलली नाही, याचे मी वेगळे गुण देते. वडापावात वडा ठीक, पाव टाळूला चिकटतो. चकली तुकडे करून, चिक्की नाही म्हणजे नाही. पेरूच्या बिया कवळीखाली गेल्या तर भर रस्त्यात डोळ्यांतून पाणी येतं. सपाट दातांचा तोटा इथे कळतो: पालेभाजी आणि मटण नीट तुटत नाही. मेथी बारीक चिरावी लागते, मटण जास्त शिजवावं लागतं. हे मला आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार नाही.

जिभेचं काय? ती फिरतेच. पण आता ती दातांच्या आत फिरते. पूर्वी ओठ आत गेलेले आणि त्यातून जीभ बाहेर डोकवायची. आता ओठांना आधार आहे, त्यामुळे समोरच्याला पूर्वीइतकं दिसत नाही. जबड्याची रवंथही थोडी कमी झाली असं माझी मुलगी म्हणते, मला खात्री नाही. फोनवर मात्र फरक पक्का आहे. 'सदुसष्ट' आता सदुसष्टच ऐकू येतं.

तक्रारी. खुर्च्या एका ओळीत, मध्ये पडदा नाही. मानसिक आजाराची औषधं मला दहा माणसांत मोठ्याने सांगावी लागली, कारण मशीनच्या आवाजात हळू बोललेलं ऐकू येत नव्हतं. मला आता त्याची लाज वाटत नाही, पण पंचविशीतल्या कुणाला वाटेल, आणि तो फाइल बंद करून निघून जाईल. दुसरं, एका इंटर्नने न विचारता मोबाइलवर माझ्या तोंडाचं चित्रण सुरू केलं. लातूरच्या मुलीने त्याला जागेवर थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी छापील संमतिपत्र आणून दिलं; मग मी सही केली. केस म्हणून शिकवायला वापरावं, माझी हरकत नाही, पण विचारायला हवं. तिसरं, वेळ. खासगीत दोन-तीन आठवड्यांत होणाऱ्या कामाला इथे महिने लागतात. मध्ये परीक्षा येतात, मध्ये सुट्ट्या, मध्ये लॅबमधून वस्तू आलेली नसते. नोकरी करणाऱ्याला सकाळची ओपीडी झेपणं कठीण आहे. चौथं, विभाग वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. ज्या विभागात बहुतेक पेशंट साठीच्या पुढचे, तो वर ठेवायची कल्पना कुणाची होती हे समजलं नाही.

पैशांचं सांगायचं तर केसपेपर आणि कवळीचं ठरलेलं शुल्क मिळून खासगीत मोजले त्याच्या जवळपासही जात नाही.

जाणार असाल तर गोळ्यांची पूर्ण यादी न्या, बंद झालेल्यांचीही, आणि साधारण कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत घेतल्या तेही लिहा. चिंगम चघळत जाऊ नका. आपल्यापैकी बरेच जण जीभ लपवायला साखर नसलेलं चिंगम चघळतात, मीही चघळायचे, पण तिथे त्यांना खरी हालचाल बघायची असते. आपल्या मानसोपचारतज्ज्ञांकडून दोन ओळींचं पत्र घेऊन गेलात तर एक फेरी वाचेल. आणि जखमांसाठी वेदनाशामक गोळी मिळाली की पोटाला त्रास नको म्हणून सोबत ॲसिडिटीची कॅप्सूल देतात. तिच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. नुसतं पँटोप्राझोल असेल तर काही नाही. त्यात लेव्होसल्पिराइड असेल तर परत करा. आपल्याकडे गॅससाठी सर्रास दिलं जाणारं हे औषध मुळात अँटिसायकोटिकच्याच, म्हणजे माझ्या हॅलोपेरिडॉल-रिस्पेरिडोनच्याच घराण्यातलं आहे आणि त्याने असाच त्रास होतो. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडचंही तेच. मला आमच्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांनी लेव्होसल्पिराइडवाली कॅप्सूल लिहून दिली होती. मानसोपचारतज्ज्ञांनी ती चिठ्ठीवर लाल पेनाने खोडली.

कुणी जाऊ नये तेही सांगते. जिभेचा त्रास नुकताच सुरू झाला असेल, किंवा औषध अजून कमी करणं चालू असेल, तर थोडं थांबा. माझ्या सरांचं म्हणणं होतं की हालचाल एका पातळीवर ठरली की मगच माप घ्यावं, नाहीतर माप एका जिभेचं आणि कवळी दुसऱ्या जिभेसाठी.

पाचपैकी चार. एक गुण पडदा नसल्याबद्दल कापला. दात गेल्यावर हाड झिजत राहतं आणि कवळी सैल होते, त्यामुळे आतून नवा थर द्यावा लागतो. त्यासाठी मला पुढच्या महिन्यात बोलावलंय. लिफ्ट सुरू झाली असेल तर इथे खाली लिहीन.